वडिलांच्या लग्नाला

हसण्याचा आवाज आला म्हणून धाकट्याने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती, भिंतीला लागून दोन लोखंडी खुर्च्या, आणि त्या रिकाम्या होत्या. नोंदणी कार्यालयातल्या कारकुनाने वहीतून डोकं वर न काढता विचारलं होतं, "साक्षीदाराचं नातं?" धाकटा म्हणाला होता, "मुलगा." "कुणाचा?" "यांचा. नवरदेवाचा." तेव्हा कारकुनाने पहिल्यांदा मान वर केली. आधी सेहेचाळीस वर्षांच्या धाकट्याकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारी राखाडी कोट घालून ताठ उभ्या असलेल्या शहात्तर वर्षांच्या नवरदेवाकडे, आणि म्हणाला, "साधारणपणे मुलगा लग्नानंतर होतो, साहेब." तेव्हा कुणीतरी हसलं. मोकळं, छातीतून आलेलं, शेवटी थोडं खोकल्यात विरलेलं हसू. मागे कुणी नाही म्हटल्यावर धाकट्याने पुन्हा समोर पाहिलं. बाबा हसत होते.

त्याने सही केली. कारकुनाने बोटाने दाखवलेल्या चौकटीत, रोज पन्नास कागदांवर करतो तशीच. पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं नोकरी झाली होती. शहरभरच्या नळांचं पाणी बाटल्यांतून त्याच्या टेबलावर यायचं, तो त्यातला गढूळपणा बघायचा, क्लोरीन किती उरलंय ते बघायचा आणि खाली सही करायचा. पेन परत करताना त्याच्या मनात आलं, घरी जिन्यावर पाऊल वाजलं की ते कुणाचं हे आपल्याला झोपेतही कळतं, बायको कुठल्या खोलीत शिंकली हे कळतं, आणि बापाचं हसू ओळखू आलं नाही. मनात आलं एवढंच. वाईट वाटायला हवं होतं, तर तसंही नेमकं वाटलं नाही. खोलीत पंखा फिरत होता. कारकुनाने शिक्का मारला, तो नीट उठला नाही म्हणून परत मारला.

तीन आठवड्यांपूर्वी प्रयोगशाळेतला फोन वाजला तेव्हा त्याच्या हातात एकोणिसाव्या नळाची बाटली होती. "मी बोलतोय," पलीकडून आवाज आला. "कोण?" "मी. बाबा." बाबांनी आपण होऊन फोन करण्याची ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ, त्यामुळे त्याला आधी वाटलं, गेले. मग कळलं की गेलेला माणूस फोन करत नाही. "लग्न करतोय मी," बाबा म्हणाले. "दहा तारखेला. साक्षीदार तीन लागतात. दोन तिच्या मैत्रिणी आहेत. येशील?" "येतो," तो म्हणाला. फोन ठेवला, बाटली उजेडाकडे धरली, आकडा लिहिला. आई जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. ती गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तो कामावर आला होता आणि चाळीस नमुने तपासले होते. साहेबांनी नंतर गुपचूप ते सगळे पुन्हा तपासून घेतले, तर एकही चुकलेला नव्हता. बायको म्हणाली होती, "अरे, रडलास तरी चालेल." तो म्हणाला, "हो." जणू तिने खिडकी उघडू का म्हणून विचारलं होतं.

ताईचा मात्र तोल सुटला होता. थोरली बहीण ती, आईच्या शेवटच्या आजारात चार महिने माहेरी येऊन राहिली होती, उशापायथ्याशी बसली होती. "वर्ष तरी होऊ द्यायचं!" ती फोनवर म्हणाली. "आणि तू साक्षीदार? तू सही करणार?" "तीन लागतात," तो म्हणाला. "तीन लागतात म्हणे! तुला काही वाटतं की नाही रे?" प्रश्न रागाचा होता, उत्तराचा नव्हता, पण धाकट्याने तो खरोखरच विचारात घेतला. स्वयंपाकघरात उभं राहून बराच वेळ आत शोधलं. मग म्हणाला, "बघून सांगतो." ताईने फोन आपटला.

मुलीची परीक्षा होती म्हणून बायकोला निघता येईना, तो एकटाच निघाला. आगगाडीचा नऊ तासांचा प्रवास, सगळा दिवसाउजेडी. समोरच्या बाकावर एक गप्पिष्ट गृहस्थ बसले होते. "कुठे?" "लग्नाला." "वा! घरचंच?" "घरचंच." "मुलीकडून की मुलाकडून?" धाकट्याने विचार करून सांगितलं, "मुलाकडून." "काय करतो मुलगा?" "निवृत्त झालाय," तो बोलून गेला. गृहस्थांनी वर्तमानपत्र उघडलं ते उतरेपर्यंत मिटलं नाही. बाहेर शेतं, मग गोदामं, मग परत शेतं. एका स्टेशनावर त्याने नळाचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. क्लोरीन जास्त होतं. त्याला बरं वाटलं. दिवसभरात एवढी एकच गोष्ट अशी होती की जिच्याबद्दल त्याचं काही मत होतं.

सह्या झाल्यावर जेवण होतं, रस्त्यापलीकडच्या खानावळीच्या माडीवर. लांब टेबल, अकरा माणसं. नवरी टेबलाच्या टोकाशी बसली होती. एकसष्ट वर्षांची, रुंद खांद्यांची, मोठ्या हातांची बाई. पंचवीस वर्षं तिने या शहरात तेवीस नंबरची बस चालवली होती. तिचे डेपोतले सोबती आले होते, ते सगळे तिला चालकबाई म्हणत होते. धाकट्याची अडचण तिने बसल्या बसल्या ओळखली. "हे बघ, मला काय म्हणायचं याचा विचार करून डोकं शिणवू नकोस," ती म्हणाली. "आई म्हणायचा प्रश्नच नाही. काकू म्हणशील तर मी ओ देणार नाही, माझ्या एका काकूने मला फार छळलंय. चालकबाई म्हण. सगळं शहर म्हणतं." "बरं, चालकबाई," तो म्हणाला. तोंडाला तो शब्द सोपा गेला.

आणि मग बाबा उठून उभे राहिले. पेल्यावर चमचा वाजवला. "सहा महिन्यांपूर्वी मी मोतीबिंदू काढायला या शहरात आलो," ते म्हणाले. "एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने धड दिसत नाही. बसचा बोर्ड वाचता येईना, म्हणून चौकशीच्या खिडकीशी गेलो. गुडघे गेल्यामुळे हिला तेव्हा डेपोने खिडकीत बसवलं होतं. विचारलं, नदीकडे कुठली बस जाते? ही म्हणाली, तेवीस. दुसऱ्या दिवशी परत विचारलं. ही म्हणाली, तेवीस. चौथ्या दिवशी पट्टी निघाली, बोर्ड स्वच्छ दिसत होता, तरी विचारलं." थांबावं तिथे ते बरोबर थांबले. "ही म्हणाली, आजोबा, तुम्हाला बस हवीय की मी?" टेबलावर हास्याचा गदारोळ झाला. एका जाड्या चालकाला ठसका लागला. बाबा लोक हसून संपेपर्यंत उभे राहिले, सराईत माणसासारखे, हात कोटाच्या खिशात, आणि मग खाली बसले.

धाकटा हसला. सगळे हसत होते, त्याचा चेहराही हसला. पण त्याच्या डोक्यात शांतपणे एक हिशेब चालला होता: हे आत्ता जेवढं बोलले, तेवढं आमच्या घरात वर्षात बोलले नाहीत. बाबा भूगोलाचे मास्तर. शाळेत सहा तास बोलायचे, साडेपाचला घरी यायचे, चपला कोपऱ्यात सरळ लावायचे, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बंद. काही सांगायचं असलं तर आईच्या दिशेने हवेत, "त्याला सांग, दिवा मालव." तो समोरच बसलेला असायचा. आई त्याच्याकडे वळून म्हणायची, "दिवा मालव." लहानपणी त्याने एकदा विचारलं होतं, बाबा आपल्याशी का बोलत नाहीत? आईच्या हातात तेव्हा इस्त्री होती. ती चादरीवरून फिरवता फिरवता म्हणाली, "सहा तास पोरांपुढे घसा फोडतात ते. दुखतो त्यांचा घसा. घरी तरी त्यांना बोलायला लावू नये." झालं, धाकट्याला सगळं समजलं. तिसरीत होता. दुसऱ्या दिवसापासून साडेपाचला तो कोमट पाण्याचा पेला बाबांच्या खुर्चीशी नेऊन ठेवायला लागला. बाबा तो उचलायचे, सगळं पाणी प्यायचे, रिकामा पेला खाली ठेवायचे. ते दोघांचं बोलणं असं तो समजायचा. दोन वर्षं चाललं. एकदा बाबा किल्ल्या विसरले म्हणून आईने त्याला त्यांच्या शाळेत पाठवलं, तर लांब व्हरांड्यात, वर्गाच्या बंद दाराबाहेर, त्याला आवाज ऐकू आला. एक नदी डोंगरातून खाली कशी येते ते कुणीतरी सांगत होतं. आवाज चढत होता, उतरत होता, पोरं मधेच हसत होती. तो किल्ल्या मुठीत धरून उभा राहिला आणि त्याला घाबरायला झालं, की आज फार दुखणार. त्या संध्याकाळी त्याने दोन पेले ठेवले होते.

जेवण संपल्यावर माणसं पांगली. जिन्याशी बाबांनी त्याच्या दंडाला हात लावला. "उद्या थांब," ते म्हणाले. "शहर बघू. आम्ही दोघं जाणारच आहोत." "तुमच्यात मी कशाला?" "अरे, हनिमूनला बस लागते आणि बसला माणसं लागतात," चालकबाई मागून म्हणाल्या. "रिकामी गाडी मला बघवत नाही."

संध्याकाळी लॉजच्या खोलीत तो पलंगावर बसून होता तेव्हा ताईचा फोन आला. नळ गळत होता. मिनिटाला किती थेंब ते तो मोजत होता. "झालं?" ताईने विचारलं. "झालं." "बोलले का काही?" "बोलले." "काय?" "बरंच. भाषण केलं. सगळे हसले." "ते पण हसले," धाकटा म्हणाला. ताई आता चिडणार असं त्याला वाटलं, त्याने फोन कानापासून जरा लांबही धरला. पण ती वेगळ्याच आवाजात, अगदी लहान होऊन म्हणाली, "कसे हसतात रे?" त्याने सांगायचा प्रयत्न केला. मोठ्याने, म्हणाला. शेवटी खोकला येतो. दोघं भावंडं बराच वेळ फोन धरून बसली आणि कुणीच ठेवला नाही.

सकाळी दहाला तेवीस नंबरची बस डेपोतून सुटली. शहर दाखवणाऱ्या खास गाड्या असतात, वरून उघड्या, पण चालकबाईंनी त्यांचं नावही काढू दिलं नाही. त्या पहिल्या बाकावर खिडकीशी बसल्या, शेजारी बाबा, मागच्या बाकावर धाकटा. पुढचा तरुण चालक ब्रेक दाबायचा त्याच्या जरा आधी चालकबाईंचा उजवा पाय जमीन दाबायचा. त्या शहर दाखवत होत्या ते असं: हा दवाखान्याचा थांबा, इथे चढणारे दार बंद व्हायच्या आधीच बसतात. ही शाळा, इथे पहिल्या गिअरात. या वळणावर माझ्या हातून एकदा आरसा फुटला. पूल आला तशी गाडी हळू झाली. "इथे एक बाई चढायची," चालकबाई म्हणाल्या. "रोज सव्वाआठला. वीस वर्षं. बोललो कधीच नाही. एक दिवस आली नाही. मी दोन मिनिटं गाडी थांबवून ठेवली, मागे सगळे ओरडायला लागले." "मग?" धाकट्याने विचारलं. "मग काय, निघाले. वेळापत्रक असतं." बाबांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. उगीच, सहज, खिडकीबाहेर बघत. धाकट्याने ती म्हाताऱ्या बोटांची जुडी पाहिली आणि आईचे हात आठवायचा प्रयत्न केला. आठवले, पण हात एकटेच आठवले, कुणाच्याही हातात नसलेले, चादरीवर इस्त्री फिरवणारे. त्याच्या आत कुठेतरी काहीतरी सरकलं, जड कपाट बोटभर सरकावं तसं, आणि परत थांबलं.

शेवटच्या थांब्यावर टेकडी होती आणि टेकडीवर पाण्याचा जुना मनोरा. पूर्वी सगळ्या शहराला इथून पाणी जायचं. आता टाकी कोरडी होती, आत गोल जिना होता आणि वर जाऊन लोक शहर बघत. "तुझं पाण्याचं काम," बाबा म्हणाले, "म्हणून म्हटलं इथे यावं. तुझी ती गढूळपणा मोजायची पद्धत, ती यांच्याकडे आधी नव्हती म्हणे. नुसतं डोळ्यांनी बघायचे." धाकटा थबकला. आपण काय मोजतो हे त्याने बाबांना कधी सांगितलं नव्हतं. आईला सांगायचा, रविवारी, बाबा आतल्या खोलीत वर्तमानपत्रामागे असताना.

चालकबाईंनी जिना पाहिला आणि हात जोडले. "माझे गुडघे मला वर नाही नेणार. मी इथे बाकावर बसते. तुम्ही बापलेक या जाऊन." दारातल्या पहारेकऱ्याने तिकिटं फाडून दिली. दोघं चढायला लागले. जिना अरुंद, पुढे बाबा, मागे तो. बाबा घसरले तर धरता यावं म्हणून दोन पायऱ्या मागे. भिंतीला ओलीचे जुने डाग होते, पाणी कुठवर चढत असे ते सांगणारे. साठ-सत्तर पायऱ्यांवर एक खिडकी आणि जरा रुंद जागा होती. तिथे बाबा थांबले, कठड्याला टेकले, धापा टाकू लागले. धाकटाही थांबला. खिडकीतून वारा येत होता. आणि त्याला स्वतःलाच न कळता तो म्हणाला, "घसा ठीक आहे का तुमचा?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. प्रश्न नेमका कुठून आलाय ते त्यांना कळलं, हे त्यांच्या तोंडावर दिसलं.

"घसा माझा कधीच दुखला नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे. म्हणजे, काल कळलं."

"लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी आमचं भांडण झालं," बाबा म्हणाले. एकेक शब्द श्वासाबरोबर येत होता. "कशावरून, ते आता आठवतही नाही. मी बोलणं टाकलं. म्हटलं, ती आधी बोलेल. तिला वाटलं असेल, मी बोलेन. ताई झाली, मग तू झालास. कामापुरतं बोलायचो. तेवढ्यात संसार होतो, बरं का. कुणाला पत्ताही लागत नाही. मग एक दिवस तू तिला विचारलंस, बाबा का बोलत नाहीत. मी आत होतो. ती काय सांगते म्हणून कान देऊन बसलो. ती म्हणाली, घसा दुखतो. मला इतकं बरं वाटलं. सुटल्यासारखं."

"तिच्याशी नाही तर नाही," धाकटा म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण सपाट. "माझ्याशी का नाही?"

"तुझ्याशी बोललो असतो, तर ती खोटी पडली असती," ते म्हणाले. "तू रोज पाणी आणून ठेवायचास. ते बघून ती आत जाऊन रडायची. आणि मी प्यायचो. आता त्यात तोंड कसं उघडायचं?"

वरून एक जोडपं उतरत आलं, या दोघांनी भिंतीला चिकटून वाट दिली. मुलीने आभार मानले. मग बाबा पुन्हा चढायला लागले आणि धाकटा मागोमाग. पायऱ्या मोजत होता, आकडा चुकला, परत पहिल्यापासून सुरू केला. खरं की पळवाट? दोन्ही असेल. पाण्यात दोन गोष्टी विरघळलेल्या असल्या तर वेगळ्या काढता येतात, त्याला पद्धती आहेत. इथे त्याला एकही सुचेना. राग यायला हवा होता, आईच्या वतीने तरी. ती एका खोट्याला पाणी घालत जवळजवळ चाळीस वर्षं जगली, आणि हा माणूस चौथ्या दिवशी चौकशीच्या खिडकीशी जाऊन गप्पा मारतो. त्याने राग आठवून पाहिला, एखाद्या शब्दाचं स्पेलिंग आठवावं तसा. आला नाही. पाय तेवढे दुखत होते.

वर गोल गच्ची होती आणि खाली सगळं शहर पसरलं होतं. बाबांचा जीव भांड्यात पडला. लगेच हात उंच झाला. ती नदी बघ, इथे वळण घेते कारण खाली कठीण खडक आहे. तो उंचवटा नदीनेच आणून टाकलेला. लोकांना वाटतं डोंगर हलत नाहीत. आवाज चढत होता, उतरत होता. धाकटा कठड्याशी उभा राहून ऐकत होता. बंद दाराबाहेरून नाही, दोन हातांवरून. त्याला वाटलं, आपण हे ऐकायला फार मोठे झालोय. नदी कशी वळते ते आपल्याला माहीत आहे. "कळलं?" बाबांनी मधेच विचारलं, पोरांना विचारावं तसं. "कळलं," तो म्हणाला.

थोड्या वेळाने बाबा म्हणाले, "ती खाली एकटी आहे. चल." "तुम्ही व्हा पुढे," धाकटा म्हणाला. "सावकाश उतरा. मी आलोच." बाबांनी त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. त्यांची पावलं जिन्यात फिरत फिरत खाली गेली. धाकटा कान देऊन होता, सुखरूप पोचले हे कळेपर्यंत. मग ते खाली मैदानात बाहेर आले, वरून टाचणीएवढे, राखाडी कोट. बाकावरून चालकबाई उठल्या. दोघं उभी राहून बोलत होती. बाबांचे हात हलत होते. चालकबाईंनी मान हलवली, त्यांच्या कोटाची कॉलर नीट केली, आणि मनोऱ्याकडे बोट दाखवलं.

गच्चीवर आता कुणी नव्हतं. धाकट्याने दोन्ही हात कठड्यावर ठेवले. दगड उन्हाने तापला होता, आणि तो तापलेला आहे हे त्याच्या हातांना लागत होतं. बऱ्याच दिवसांत त्याला असं काही लागलं नव्हतं. तो हात उचलेना. जिन्यातून पहारेकरी धापा टाकत वर आला. "चला साहेब. दुपारी दोन तास बंद असतं." "पाच मिनिटं," धाकटा म्हणाला. पहारेकरी दाराच्या चौकटीला टेकला आणि त्याने टोपी काढून वारा घेतला.

तेव्हा खालून हाक आली. "धाकट्या!"

त्याने खाली पाहिलं. बाबा मैदानाच्या मधोमध उभे होते, दोन्ही हात तोंडाशी धरून, मान मागे टाकून. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज होता, टेकडीवरून तो सरळ वर येत होता. घरात त्यांनी त्याला कधी हाक मारली नव्हती. त्याला सांग, एवढंच. "धाकट्या! ए धाकट्या! चल, बस निघेल!"

त्याला ओ द्यायची होती. ओठ उघडले होते. पण डोळ्यांसमोरचं शहर, नदी, पूल, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं हलायला लागलं. त्याने डोळे पुसले नाहीत.

"धाकट्या!"

"अहो," पहारेकरी म्हणाला, "तुम्हालाच बोलावतायत ना ते? कोण आहेत?"

"वडील आहेत माझे."

"मग ओ द्या की. म्हातारा माणूस, घसा बसेल त्यांचा."

"देतो," धाकटा म्हणाला, आणि कठडा धरून उभा राहिला, आणखी एकदा ऐकायला.